लाइट गेल्यावर सर्व्हर कसा बंद करायचा?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत एक टॉवर सर्व्हर आहे. त्यावर लिनक्स आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, आणि त्याला जोडलेले सात काउंटर. लाइट गेली की यूपीएस वीसेक मिनिटं चालतो, तो शिट्टी मारायला लागला की आम्ही सर्व्हरचं बटण दाबून धरतो. दोनदा दुसऱ्या दिवशी डेटाबेस सुरूच झाला नाही. बंद-चालू करण्याचा बरोबर क्रम कोणता?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : बटण दाबून धरता, तिथेच घोटाळा होतो. तेच बटण एकदा दाबून सोडलं तर सहसा ऑपरेटिंग सिस्टिमला ‘आवरतं घे’ एवढा निरोप जातो. चारेक सेकंद धरून ठेवलं की वीज थेट तुटते. डेटाबेस प्रत्येक नोंद आधी लॉगमध्ये, म्हणजे कच्च्या वहीत, लिहितो, मूळ तक्त्यात सावकाश नंतर. मधेच वीज गेली तर पुढच्या वेळी लॉग वाचून तो स्वतःला सावरतो. पण डिस्कने नोंद आपल्या कॅशमध्येच (तात्पुरत्या मेमरीत) ठेवून ‘लिहिली’ असं कळवलं असेल, तर लॉगच अर्धवट राहतो आणि सावरायला काही उरत नाही.

म्हणून शिट्टीची वाट पाहू नका. लाइट जाऊन पाच मिनिटं झाली की काउंटरवाल्यांना चालू व्यवहार पुरा करून बाहेर पडायला सांगा. मग डेटाबेसची सेवा हाताने थांबवा आणि त्याच्या एरर लॉगच्या (डेटाबेसचे संदेश जिथे नोंदले जातात ती वेगळी फाइल) शेवटी ‘शटडाउन कम्प्लीट’ ही ओळ दिसेपर्यंत थांबा. ही ओळ दिसल्याशिवाय पुढे जाऊच नका. त्यानंतर शटडाउनची आज्ञा द्या. बॅकअपची नॅस पेटी (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) असेल तर ती सर्व्हरनंतर, मग नेटवर्क स्विच, आणि यूपीएस सगळ्यांत शेवटी. एखाद्या सुटीच्या दिवशी घड्याळ लावून हे सगळं करून बघा. जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ यूपीएसने काढलाच पाहिजे. यूपीएसच्या पडद्यावर दिसणाऱ्या मिनिटांवर विसंबू नका. लेड-ॲसिड बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत उतरतात, उकाड्याच्या खोलीत त्याआधीच.

याहून चांगलं म्हणजे यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा आणि ‘नट’ (नेटवर्क यूपीएस टूल्स) हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी ठरावीक पातळीला आली की ते स्वतःच शटडाउन सुरू करतं. रात्री ऑफिसात कोणी नसताना दुसरा उपाय नाही.

चालू करताना क्रम उलटा : यूपीएस, स्विच, नॅस. नॅसचा दिवा स्थिर झाला की सर्व्हर. सर्व्हर मेमरी तपासत असताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. तो अडकला असं समजून पुन्हा बटण दाबू नका. डेटाबेस लॉगवरून सावरत असेल तेव्हाही तसंच. काउंटर उघडण्याआधी तारीख बघा. सर्व्हरच्या आतली घड्याळाची सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली असेल तर तारीख मागे जाते आणि दिवसभराच्या नोंदी चुकीच्या तारखेला पडतात.

प्रश्न : बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आल्यावर चालू’ ठेवलंय, तरी लाइट आल्यावर सर्व्हर पडूनच असतो. का?

उत्तर : सर्व्हर बंद झाला तरी यूपीएस चालूच होता. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलीच नाही, मग ती ‘आली’ तरी कशी? शटडाउननंतर यूपीएसने आपलं आउटपुट तोडून, लाइट आल्यावर पुन्हा द्यायला हवं. नटमध्ये तशी सोय आहे, मात्र तुमचं यूपीएस मॉडेल ती आज्ञा पाळतं का ते तपासा.

प्रश्न : रॅम वाढवायची आहे. शटडाउन केलं की झाकण उघडलं तर चालेल?

उत्तर : नाही. बंद सर्व्हरमध्येही, केबल लावलेली असेपर्यंत, स्टँडबायचे ५ किंवा १२ व्होल्ट खेळत असतात. मदरबोर्डवरचा छोटा हिरवा दिवा त्याचीच खूण. पॉवर सप्लाय दोन असतील तर दोन्ही केबली काढा, दिवा विझू द्या, मगच हात घाला.