चित्र चांगलं यायलाच हवं असं नाही

मनावरचा ताण हलका करायला चित्र काढायचं असेल, तर "मला चित्र काढता येत नाही" ही भीती आधी बाजूला ठेवा. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या एका अभ्यासात ३९ जणांनी ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज यांतून हवं ते केलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. आणि आधी कलेचा अनुभव होता की नव्हता, याने फारसा फरक पडला नाही.

सुरुवात तेलखडूंनी करा. पेन्सिल घेतली की हात लगेच खोडरबराकडे जातो. तेलखडू धड खोडता येत नाही, तेच बरं. राग आला असेल तर खडू दाबून, कागद फाटेपर्यंत रेघोट्या ओढा. मग त्यावर दुसरा रंग बोटाने पसरवा. बोट घासताना लक्ष आपोआप तिथे येतं. मागे तारीख टाका, वाटलं तर एखादी ओळ लिहा. आणि कुणाला दाखवू नका, निदान सुरुवातीला तरी.

एक मात्र कळकळीने सांगते: चित्र काढताना जुनं दुःख वर येऊन झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर एकट्याने रेटू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चित्रं सोबत न्या; बोलता येत नाही तेव्हा ती पुढे ठेवता येतात.