उंबऱ्यावरचा लिंबू आणि पोलीस ठाणे

प्रश्न : अमावास्येच्या सकाळी दारात टाचण्या टोचलेला लिंबू, काळी बाहुली आणि हळद-कुंकू सापडलं. देवऋषी शेजारच्या म्हातारीचं नाव घेतो. उतरवायला पंधरा हजार मागतो. पोलीस तक्रार घेतील का?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : लिंबू टाकणारा कोण, हे सहसा सिद्ध होत नाही. तुमची खरी तक्रार देवऋषीविरुद्ध आहे. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत करणीचा आळ घेऊन एखाद्याचं जगणं मुश्कील करणं स्पष्ट दिलंय. मंत्रानं जनावराचं दूध आटवल्याचा आळसुद्धा! शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हातारीही तक्रार देऊ शकते, आणि तुम्ही तिचं नाव गावभर केलंत तर ती तुमच्यावरही!

पैसे देऊ नका. वस्तूंचे फोटो काढा, मग खुशाल केरात टाका. देवऋषीचे मेसेज, फोनपेची नोंद जपा. अर्जात ‘करणी झाली’ असं लिहू नका. तिथंच गाडी अडते, कारण करणी पोलीस तपासू शकत नाहीत. कोणी, कधी, किती मागितले, काय धमकी दिली, एवढंच लिहा. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना.

‘बाधा’ दाखवायला तो पाणी लाल करील. हळदीच्या पाण्यात चुना पडला की ते लालच होतं. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळं.