रेकॉर्डचा आवाज सीडीपेक्षा खरंच चांगला असतो का?

मोजमापात नाही. सीडीचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज हळू-मोठ्यातला सुमारे ९६ डेसिबलचा फरक पेलतो. चांगली एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, साठ-सत्तरच्या आसपास दमते. त्यात खरखर, धुळीचे टिकटिक आवाज वेगळेच.

एलपीची खरी गोची आतल्या भागात होते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच वेगाने घेते, पण लेबलजवळचा घेर लहान, म्हणून सुईखालून चर निम्म्याहूनही कमी वेगाने सरकतो. बाजू संपत आली की 'स', 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात ते यामुळेच. आमच्याकडच्या जुन्या एलपीवर शेवटच्या गाण्यात हे हटकून जाणवतं, सुई कितीही पुसा.

मग काही रेकॉर्ड जास्त गोड का वाटतात? बऱ्याचदा कारण मास्टरिंग, म्हणजे सीडी किंवा रेकॉर्ड काढण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात. १९९० नंतर कित्येक सीडींचा आवाज दाबून सपाट, कर्कश केला गेला. त्याच अल्बमची एलपी कधीकधी वेगळी, मोकळी मास्टर केलेली असते. दोष सीडीचा नव्हे, ती बनवणाऱ्यांचा.

मी स्वतः अजून रेकॉर्डच लावतो, पण ती हौस आहे. पैसे मोजकेच असतील तर आधी चांगले स्पीकर घ्या.