विमानाचं सेलमधलं स्वस्त तिकीट घ्यावं की बोनस माइल्सचं (म्हणजे प्रवासावर मिळणाऱ्या जादा पॉइंट्सचं)?

वर्षातून दोन-तीनदाच विमानाने जात असाल तर डोळे झाकून सेलचं तिकीट घ्या. वाचलेले पैसे आजच हातात असतात. माइल्सना मुदत असते आणि ते वापरून तिकीट काढलं तरी कर खिशातूनच भरावे लागतात.

शिवाय एअर इंडियात 2024 पासून पॉइंट्स अंतरावर नाही, खर्च केलेल्या रुपयांवर मिळतात. म्हणजे तिकीट स्वस्त, तर पॉइंट्सही कमी. तरीही बोनससाठी महागडं तिकीट घेणं मला पटत नाही. प्रवास ठरलेलाच असेल तर मात्र बोनस जरूर घ्या, पण आधी ऑफरसाठी नोंदणी लागते का ते बघा. माझे बोनस माइल्स एकदा असेच बुडाले, फार हळहळ वाटली.

आणि सेलचा मोठ्या अक्षरातला आकडा सोडा, बॅग-सीट धरून शेवटच्या पानावरची रक्कम पाहा.