पाऊस कमी, पागोळी जास्त

तुमच्या नाटकातलं खानापूरकडचं कौलारू घर, श्रावणातली रात्र. पावसाचा ट्रॅक लावला की संवाद बुडतात, उतरवला की पाऊसच जातो, आणि वर सतारीवर मल्हार लावावा का, असं तुम्ही विचारलंय.

व्हॉल्यूमशी खेळून हे सुटायचं नाही. धो-धो पाऊस म्हणजे सलग खरखर. स, च, ट ही व्यंजनं ज्या २ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतात, तोही ती भरून टाकते. इक्वलायझरवर (आवाजाचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायचं साधन) तिथे ६ डेसिबल उतरवा आणि पाऊस दोन फायलींत तोडा. लांबची सर मागच्या विंगेतल्या स्पीकरवर, स्पीकरचं तोंड भिंतीकडे. पागोळी वेगळी: घंगाळात टपटपणारे थेंब. दोन थेंबांत जागा असते, शब्द तिथून निघतात. पडदा उघडल्यावर दहा सेकंद दोन्ही मोठ्याने, मग पंधरा सेकंदांत सर हळूहळू खाली. प्रेक्षकाच्या डोक्यात पाऊस चालूच राहतो. पत्र्यावरच्या पावसाचा ट्रॅक मात्र नको. कौलाचा आवाज भरीव, पत्र्याचा तडतडता, आणि आपल्याकडचा प्रेक्षक तो लगेच पकडतो.

फाईल निदान पाच मिनिटांची हवी. तीस सेकंदांची फिरवली की तोच बेडूक तिसऱ्यांदा ओरडतो नि लोक हसतात. एमपीथ्रीच्या टोकांना बारीक रिकामी जागा राहते, जोडावर उचकी लागते. म्हणून वेव्ह फाईल, जोडाला तीन-चार सेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक टोक विरत असताना दुसरं वर येतं. मोबाईलवर रेकॉर्ड करणार असाल तर ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय) बंद करा, नाहीतर थेंब थांबले की मागची घरघर वर येते.

रातकिडे, बेडूक चालतील. कोकिळा नको, ती उन्हाळ्याची. लोंढ्याकडच्या रेल्वेगाडीचा भोंगा एकदाच. दुसऱ्यांदा वाजला की लोक गाडीची वाट बघत बसतात.

मल्हार नकोच, पाऊस ऐकू येतोय, तोच पुन्हा सतारीने कशाला सांगायचा? आईच्या आठवणीच्या प्रसंगाला लांबून चौंडकं (जोगतिणींचं एकतारी वाद्य) येऊ द्या, सौंदत्तीची यल्लम्मा न सांगता कळते. नुसता आवाज कमी केलात तर ते जवळचंच, पण दबकं वाटेल. लांबचं वाटायला ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापा नि थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्या. लेहरा-ठेका, म्हणजे सुरावटीची नि तालाची साथ, काही जोडू नका.

नाटकात पत्र वाचलं जातं, त्याच्या दोन सेकंद आधी सर पूर्ण काढा. घंगाळातला थेंब तेवढा राहू द्या.