साडेसहा हजारांची ऑफर, बायको-मुलासह सिंगापूर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, पुण्यात आयटीत नोकरी, इथल्या एका छोट्या कंपनीकडून महिना ६,५०० सिंगापूर डॉलरची ऑफर, बायको शिक्षिका, मुलगा चार वर्षांचा. आणि खाली, 'एम्प्लॉयमेंट पासला ५,६०० लागतात, म्हणजे आपलं काम झालं ना ताई?'

नाही रे. ५,६०० हा या नोकरी-परवान्यासाठी लागणाऱ्या किमान मासिक पगाराचा २०२५ पासूनचा आकडा आहे, पण तो तेवीस वर्षांच्या पोरासाठी. पुढे वयाबरोबर चढत चढत पंचेचाळिशीला तो १०,७०० वर जातो. बँका आणि वित्तसंस्थांत तर सुरुवातच ६,२०० पासून. तुझ्या वयाला आठ हजारांच्या वर पगार लागेल.

तेवढा वाढवून मिळाला तरी पुढे 'कंपास' आहे, सप्टेंबर २०२३ पासूनची गुणपद्धत. ४० गुण हवेत, आणि मुख्य चार निकषांतले दोन तुझ्या हातातच नाहीत, ते कंपनीचे आहेत. तिच्या व्यवस्थापकीय, व्यावसायिक आणि तांत्रिक पदांवरच्या माणसांत भारतीय २५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर एका निकषात तुला शून्य. पाच टक्क्यांच्या आत असतील तर २०. 'तिथे आपली बरीच माणसं आहेत' हे ऐकून घरचे निर्धास्त होतात, अर्जात मात्र तेच नडतं. दुसरा निकष म्हणजे कंपनी स्थानिकांना किती घेते. मात्र कंपनीत या पदांवर पंचवीसपेक्षा कमी माणसं असतील तर या दोन्हींचे दहा-दहा आपोआप मिळतात. तुझी कंपनी खरंच छोटी असेल तर वीस झाले. मान्य पदवीचे १० (काही नामांकित संस्थांच्या पदवीला २०). उरलेले १० पगारातून, आणि तिथे तुलना तुझ्याच क्षेत्रातल्या स्थानिकांच्या पगाराशी.

म्हणून साडेसहा हजारांवर कंपनी बहुधा एस पास, म्हणजे मधल्या स्तरावरच्या नोकऱ्यांचा परवाना, काढायचा विचार करत असेल. त्याला कंपास नाही, पगाराची अटही बरीच खाली. पण कोटा आहे: सेवाक्षेत्रात कंपनीच्या एकूण माणसांच्या १० टक्केच. शिवाय कंपनीला दरमहा लेव्ही, म्हणजे परदेशी माणूस ठेवल्याबद्दलचं सरकारी शुल्क, भरावी लागते. ती तुझ्या पगारातून कापणं बेकायदा आहे, कोणी 'ॲडजस्ट करू' म्हणालं तर तिथेच थांब.

बायको-मुलाला डिपेंडंट पासवर (कुटुंबासाठीच्या परवान्यावर) आणायला ठरलेला मासिक पगार ६,००० हवा, एस पासवरही. त्यात तू बसतोस. भत्ते दरमहा बदलणारे असतील तर ते धरत नाहीत, तेव्हा ६,५०० मध्ये 'फिक्स्ड' किती ते ऑफर लेटरमध्ये बघ. आई-वडिलांना लाँग टर्म व्हिजिट पासवर आणायचं तर १२,००० लागतात, तो विषय सध्या सोड.

बायकोच्या नोकरीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः पोळले आहे. २०१४ साली मी नवऱ्यामागून डिपेंडंट पासवर आले. तेव्हा नोकरी मिळाली की कंपनी 'लेटर ऑफ कन्सेंट' काढायची, काही दिवसांत काम सुरू. १ मे २०२१ पासून ते बंद झालं. आता डिपेंडंट पासवाल्यालाही नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो, तोच पगार, तोच कोटा. माझ्या तेव्हाच्या ऑफिसने 'करू, करू' म्हणत मुदत घालवली आणि मी सात महिने घरी बसले. तेव्हा तिचा पगार हिशेबात धरूच नकोस. एकट्याच्या पगारात घरभाडं निघतं का, ते आधी मांडून बघ.

कागदांत दोन गोष्टी. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेव. आणि मुलाचं लसीकरण कार्ड शोध: बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या गोवर आणि घटसर्पाच्या लसी पाससाठी पडताळून घ्याव्या लागतात.

अर्ज कंपनीच करते, तू नाही. मग 'पास काढून देतो' म्हणणाऱ्या त्या एजंटला लाखभर रुपये कशाचे? इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या साइटवर सेल्फ असेसमेंट टूल आहे, फुकट. कंपनीला सांग, माझी माहिती त्यात भरून निकाल पाठवा. मंजुरीचं इन-प्रिन्सिपल पत्र हातात येईपर्यंत पुण्यात राजीनामा टाकू नकोस, एचआर कितीही घाई करो. एम्प्लॉयमेंट पासचं पत्र सहा महिने चालतं, त्यात नोटीस पिरियड आरामात बसतो; एस पासचं मात्र साठच दिवस, तेव्हा दिवस आधी मोजून घे.

कंपनी कुठला पास म्हणते ते कळलं की मला लिही.