“एका अंगात दोन-दोन वात कसे असतील?”

निपाणीजवळच्या खेड्यातल्या एका मावशींनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर आमवात लिहिलेलं, दुसऱ्यावर गुडघ्यांची झीज. “म्याडम, यातला खोटा कुठला तेवढं सांगा.” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कुठला तरी डॉक्टर चुकला, अशी भीती त्यामागे असते. मावशींचे दोन्ही कागद खरे होते.

तीस वर्षं त्या विड्या वळत आल्या, मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली आणि बोटांची सूज उतरली. गुडघे मात्र दुखतच राहिले. “औषध लागू पडेना” म्हणून त्यांनी गोळीच सोडली. दोन महिन्यांत कात्री धरवेना. त्यात घरातली बोलणी : काल हात, आज गुडघा, हिचं रोज नवीन काहीतरी. हे सांगताना त्यांचा आवाज बसला. दुखण्याहून तेच जास्त लागलेलं दिसलं, म्हणून सोबत आलेल्या सुनेलाही जवळ बसवून घेतलं.

सकाळी उठल्यावर काय होतं, विचारलं. “दोन तास मुठी मिटत नाहीत. चहाची बशी दोन्ही हातांनी धरते.” आणि गुडघे? “ते चार पावलं टाकली की सुटतात. दिवस मावळताना ठणकतात.”

उत्तर यातच होतं. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बहुधा दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकतो. झिजेत सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, विरते; ताठरपणा साधारण अर्ध्या तासात जातो, पण वापरेल तसं दुखणं वाढतं. ती गोळी प्रतिकारशक्तीला आवर घालते, विरलेली कूर्चा भरून देत नाही.

सून पटकन म्हणाली, “म्हंजे उसात कीड पण आहे नि तण पण. किडीच्या औषधानं तण कसं मरंल?” मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

गोळी परस्पर सुरू करू नका म्हणून त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त आणि यकृताच्या तपासण्या होऊन ती पुन्हा चालू झाली, बाजाराच्या दिवशी एकदाच. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते : ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या दोन आजारांसाठी दुप्पट घेणंही पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडतं. गुडघ्यांसाठी मांडी सोडून खुर्ची, सूप टेबलावर, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. ते मावशींना पहिल्यांदा पटेना. खुर्चीवर हात चालत नाही म्हणाल्या. पंधरवड्यात चालू लागला.

सुनेनं कॅलेंडरवर खुणा सुरू केल्या : हात दुखले की फुली, गुडघे दुखले की गोल. तीन महिन्यांनी दोघी ते कॅलेंडर घेऊन आल्या. गोल तसेच दाट होते, फुल्या विरळ झालेल्या. मावशींनी फुल्यांवरून बोट फिरवलं.

“गोळी लागू पडलीया की, म्याडम.”